छोट्या कुत्र्यांची मोठी शाळा

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अंकासाठी थोडी काटछाट केली आहे. शेवटचा दिवाळीचा भाग नव्याने जोडला आहे.)



कार्यकारिणीकडून मला निरोप आला होता, "कशावरही बोल, फक्त सॉफ्टवेअरवर नको!" त्यामुळे आज मी कुत्र्यांवर बोलणार आहे. शिक्षणाने मी कॉम्प्युटर इंजिनियर आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. पण गेली काही वर्षं माझे शनिवार-रविवार शाळांच्या जिममध्ये आणि चर्चच्या हॉलमध्ये जातात. खिशात शिजवलेल्या कोंबडीचे तुकडे, हातात कंगवा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला साडेसहा किलोंची टिकली. आमची टिकली म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. अंग पांढरं, त्यावर तांबूस डाग आणि कपाळावर बरोब्बर मध्ये एक ठिपका. इथले लोक त्याला ब्लेनहाइम स्पॉट म्हणतात. माझ्या लेकीला ती टिकली दिसली आणि बारसं झालं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात "छोटा कुत्रा" म्हटलं की पॉमेरेनियन येतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दाराची बेल वाजली की जे पांढरंशुभ्र प्रकरण आतून भुंकायचं, ते आठवा. खरं म्हणजे ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असायची. 'हम आपके हैं कौन' (१९९४) मधला टफीसुद्धा त्यातलाच. इथल्या केनेल क्लबच्या मापात बसणारा पॉमेरेनियन दोन-अडीच किलोंचा असतो. त्याला एवढंसं करण्यात मोठा वाटा व्हिक्टोरिया राणीचा. १८८८ साली ती फ्लॉरेन्सला गेली होती, तिथून छोटे पॉमेरेनियन घेऊन आली आणि त्यांची पैदास करू लागली. १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट नावाच्या, कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या गृहस्थाने लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यात राणीचेही पॉमेरेनियन होते. राणीने पाळला म्हणून सरदारांनी पाळला, सरदारांनी पाळला म्हणून दुकानदारांनी पाळला! फॅशन अशीच पसरते, माणसांत काय आणि कुत्र्यांत काय.

तेच प्रदर्शन म्हणजे आजचं क्रफ्ट्स. १९९१ पासून ते बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये भरतं, मार्चमध्ये, चार दिवस. कुत्र्यांचे सात गट असतात आणि त्यातला टॉय गट आपल्या आजच्या विषयाचा. एकदा जाऊन बघा. जत्रा, लग्नघर आणि बोर्डाची परीक्षा एकाच मांडवात असावी असं वातावरण असतं.

आता टिकलीच्या घराण्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पायात घुटमळणारे स्पॅनियल लांब नाकाचे होते. पुढे चपट्या नाकाची फॅशन आली आणि व्हिक्टोरियाच्या काळापर्यंत ते जुनं रूप जवळजवळ नाहीसं झालं. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ जुन्या चित्रांतला तो लांब नाकाचा कुत्रा शोधत इथे आले. त्यांना तो सापडेना, म्हणून त्यांनी क्रफ्ट्समध्ये पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं : जुन्या वळणाचा स्पॅनियल आणून दाखवा! लोकांनी घरातल्या "नापास" पिल्लांमधून लांब नाकाची पिल्लं शोधून काढली. १९२८ मध्ये कॅव्हेलियरचा क्लब स्थापन झाला, ॲन्स सन नावाचा कुत्रा नमुना म्हणून समोर ठेवून या जातीचं वर्णन लिहिलं गेलं आणि १९४५ मध्ये केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

कथा गोड आहे. पण इंजिनियरच्या कानाला त्यात एक धोक्याची घंटा ऐकू येते. सुरुवात फार थोड्या कुत्र्यांपासून झाली आणि मग नोंदवही बंद. त्या थोड्यांच्या रक्तात जे होतं, बरं आणि वाईट, ते सगळ्यांत उतरलं. एकाच फाइलच्या हजारो कॉप्या काढल्या, तर तिच्यातला बगही हजार ठिकाणी जाणार. याकडे मी पुन्हा येतो.

हे सगळं मी शिकलो कुठे? पुस्तकं वाचली, पण खरं शिक्षण झालं एका बाईंच्या स्वयंपाकघरात. बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं कॅव्हेलियर पाळणाऱ्या. टिकली त्यांच्याकडचीच. पिल्लू मागायला गेलो तेव्हा बाईंनी आमची दोन तास उलटतपासणी घेतली. दिवसभर घरी कोण असतं? सुट्टीत भारतात गेलात की कुत्रा कुठे राहील? बागेला कुंपण आहे का? माझी बायको परत येताना म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं." पण हीच चांगल्या ब्रीडरची खूण. जो तुम्हाला काहीच विचारत नाही आणि फक्त कार्डनंबर मागतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

आधी रोजची निगा. कॅव्हेलियरचे केस रेशमी. जातीच्या लिखित वर्णनात स्पष्ट म्हटलंय की केसांना कात्री लावायची नाही. त्यामुळे रोज विंचरणं आलं. कानामागे आणि काखेत गाठी होतात, त्या बोटांनी सोडवायच्या. लांब कान जेवताना वाडग्यात पडतात, म्हणून उभट, अरुंद तोंडाचं भांडं. दात रोज घासायचे, कारण छोट्या जातींच्या लहानशा जबड्यात दातांची दाटी होते आणि हिरड्या लवकर बिघडतात. टूथपेस्ट मात्र कुत्र्यांची, आपली नव्हे. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी. आणि वजन! छोट्या कुत्र्याला अर्धा किलो जास्त म्हणजे आपल्याला पाच-सहा किलो जास्त. माझी आई सहा महिने इथे राहायला आली, तेव्हा पहिला महिनाभर "त्या प्राण्याला देवघरापासून लांब ठेवा" म्हणत होती. दुसऱ्या महिन्यात टिकलीचं वजन पाउण किलोने वाढलं. दहीभात कोण भरवत होतं, ते कळायला डिटेक्टिव्ह लागला नाही.

मग शिकवणी. प्रदर्शनाच्या शिकवणीला इथे रिंगक्राफ्ट म्हणतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, गावातला हॉल, दोन-तीन पौंड फी आणि मध्यंतरात चहा-बिस्किटं. शिकवणारे सगळे हौशी, कुणी पोस्टमन, कुणी नर्स. छोट्या जातींचं परीक्षण टेबलावर होतं. परका माणूस येणार, दात बघणार, पाठीवरून हात फिरवणार, शेपूट उचलणार, आणि कुत्र्याने शांत उभं राहायचं. मग परीक्षकासमोर त्रिकोणात चालायचं, सरळ जायचं आणि परत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पिल्लाला हे "मजा" वाटलं पाहिजे, शिक्षा नव्हे. म्हणून पहिले काही आठवडे आम्ही टिकलीला टेबलावर फक्त खाऊ दिला. दोन मिनिटं उभी राहिली की शाबासकी, खाऊ, खाली. वेळ हळूहळू वाढवायची. चुकलं की ओरडायचं नाही, एक पायरी मागे जायचं. जे हवं ते घडलं की त्याच क्षणाला बक्षीस. तीन सेकंदांनी दिलं तर कुत्र्याला वाटतं, बक्षीस खाली बसण्याचं होतं! माझ्या लेकीने हेच तंत्र माझ्यावर वापरायला सुरुवात केली आहे. भांडी घासली की लगेच "गुड बॉय, बाबा!"

पिल्लू सहा महिन्यांचं झालं की रिंगणात उतरता येतं. वयाप्रमाणे आणि आधीच्या बक्षिसांप्रमाणे वर्ग असतात : मायनर पपी, पपी, ज्युनियर असं करत ओपनपर्यंत. मोठ्या प्रदर्शनांत चॅलेंज सर्टिफिकेट मिळतं. अशी तीन सर्टिफिकिटं तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळाली की कुत्रा चॅम्पियन. परीक्षक नंतर प्रत्येक विजेत्यावर दोन ओळी लिहितात आणि त्या 'अवर डॉग्ज'सारख्या साप्ताहिकात छापून येतात. हे साप्ताहिक १८९५ पासून चालू आहे. टिकलीबद्दल पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी ते कात्रण आईला पाठवलं. तिचा फोन आला, "सगळं चांगलं लिहिलंय, पण मार्क किती ते कुठे दिलंय?"

ज्युनियर वर्गात टिकलीला बरीच बक्षिसं मिळाली. लोक विचारू लागले, "हिची पिल्लं कधी?" आपल्या मंडळातल्या तीन कुटुंबांनी तर नंबरही लावून ठेवले होते. इथून विषय गंभीर होतो.

पैदास म्हणजे काय, हे मी आधी बाईंच्या घरी बघितलं. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. नेमका दिवस रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून ठरवतात. गाभण राहिल्यापासून सुमारे त्रेसष्ट दिवस. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा ताप मोजायचा. कुत्र्याचं तापमान एरवी अडतीस ते एकोणचाळीस असतं. ते सदतीसच्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत वेणा सुरू होतात. त्या रात्री मी बाईंकडे मदतीला होतो. पहिली तीन पिल्लं नीट आली. चौथं निपचित होतं. बाईंनी त्याच्या तोंडावरचा पडदा काढला, नाक-तोंड पुसलं आणि टॉवेलने चोळायला लागल्या. किती वेळ चोळलं देव जाणे. शेवटी मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. बाई म्हणाल्या, "किटली ठेव." एवढंच.

त्यानंतरचे दोन आठवडे खरे कष्टाचे. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आईचा पहिला चीक पोटात जाणं महत्त्वाचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करायचं. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. वजन वाढत नसेल तर दर दोन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. पेटीच्या आत कडेने दांडी ठोकलेली असते, म्हणजे आईच्या पाठीखाली पिल्लू चिरडत नाही. छोट्या जातींत पाजणाऱ्या आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरू शकतं. ती थरथरायला लागली तर तडक व्हेटकडे, सकाळची वाट बघायची नाही. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून व्हॅक्यूम क्लीनर, दाराची बेल, लहान मुलं, टोपीवाली माणसं यांची ओळख करून द्यायची. या वयात जे बघितलं त्याची पुढे भीती राहत नाही. म्हणजे पिल्लाची शाळा तुमच्याकडे येण्याच्या आधीच सुरू झालेली असते. म्हणूनच पिल्लू कुठे वाढलं याला एवढं महत्त्व.

आता त्या धोक्याच्या घंटेकडे. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात. दुसरीकडे मामाच्या मुलीशी लग्न मात्र चालतं. कुत्र्यांच्या दुनियेत याचा चक्क आकडा काढतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या संततीचा आकडा ६.२५ टक्के, सावत्र भावंडांच्या १२.५, सख्ख्या भावंडांच्या २५. वर्षानुवर्षं चांगले गुण पक्के करण्याच्या नावाखाली जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. एखादा चॅम्पियन झाला की सगळे आपापल्या कुत्र्या त्याच्याकडेच नेणार. २००८ मध्ये बीबीसीने 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' हा माहितीपट दाखवला आणि देशभर खळबळ माजली. त्यात वेदनेने तळमळणारे कॅव्हेलियर होते. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स दाखवलं नाही. केनेल क्लबने २००९ पासून आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी थांबवली. २०१० मध्ये प्राध्यापक बेटसन यांचा चौकशी अहवाल आला. नॉर्वेत तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ मध्ये तिथे निकाल लागला की ज्या पद्धतीने कॅव्हेलियरची पैदास चालली होती ती प्राणी-कल्याण कायद्यात बसत नाही.

या जातीचे दोन मोठे आजार. पहिला हृदयाचा. डाव्या बाजूची मायट्रल झडप वयाआधीच निकामी होऊ लागते. म्हणून नियम असा सुचवला जातो की कुत्री किमान अडीच वर्षांची झाल्याशिवाय तिची पिल्लं घेऊ नयेत, तिचं हृदय स्वच्छ असावं आणि तिच्या आईबापांचं वयाच्या पाचव्या वर्षीही स्वच्छ असावं. दुसऱ्याचं नाव सिरिंगोमायेलिया. कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, मेंदू-मज्जेतल्या पाण्याचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. कुत्रा चालता चालता मानेजवळ हवेत खाजवतो, उचललं की किंचाळतो. काहींना मात्र वरवर काहीच दिसत नाही. ते फक्त एमआरआयमध्ये कळतं. त्यासाठी २०१२ पासून इथे केनेल क्लब आणि व्हेट लोकांच्या संघटनेची अधिकृत योजना आहे.

टिकली पावणेतीन वर्षांची असताना आम्ही दोन्ही तपासण्या केल्या. हृदय उत्तम. एमआरआयसाठी भूल द्यावी लागते. निकाल काही आठवड्यांनी आला. सिरिंगोमायेलिया, श्रेणी दोन. म्हणजे मज्जारज्जूतली पोकळी दोन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. इतक्या लहान वयात ही श्रेणी आली तर त्या कुत्रीची पिल्लं घेऊ नयेत, असं मार्गदर्शक तत्त्व आहे.

तत्त्व म्हणजे कायदा नव्हे, हे लक्षात घ्या. पिल्लांची नोंदणी करायला तेव्हा हा एमआरआय सक्तीचा नव्हता. एका प्रदर्शनात एका अनुभवी माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "कशाला मनावर घेतोस? तिला त्रास नाही ना? इथले निम्मे लोक स्कॅनच करत नाहीत." टिकली समोर शेपूट हलवत उभी होती, गळ्याजवळ बक्षिसाची लाल फीत. खोटं का बोलू, क्षणभर ते बोलणं गोड वाटलं. घरी आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. तिला एमआरआयची श्रेणी वगैरे काही कळलं नाही. तिने एकच विचारलं, "तिच्या पिल्लांना दुखेल का?" मी म्हटलं, "सगळ्यांना नाही. काहींना दुखेल." आई म्हणाली, "मग झालं तर."

निर्णय तिथेच झाला. मंडळातल्या तिन्ही कुटुंबांना मी फोन केले. बाईंकडे मात्र स्वतः गेलो, कारण हा निकाल त्यांच्या चाळीस वर्षांच्या घराण्यावरही होता. बाईंनी कागद दोनदा वाचला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग वही काढली आणि टिकलीच्या भावंडांच्या मालकांना एकेक करून पत्रं लिहायला बसल्या : तुमच्याही कुत्र्याचा स्कॅन करा. टिकलीच्या आईची पुढची पिल्लं त्यांनी घेतली नाहीत. माझ्या मते ब्रीडर या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी कळला. पिल्लं तर कोणीही जन्माला घालू शकतं. कुठे थांबायचं ते कळणारा ब्रीडर.

टिकलीचं आता ऑपरेशन झालं आहे, ती रोजचं आयुष्य मजेत जगते. दर सहा महिन्यांनी व्हेटकडे तपासणी, गळ्याला पट्टा न लावता छातीचा हार्नेस, एवढीच पथ्यं. केनेल क्लबच्या गुड सिटिझन योजनेत तिने ब्राँझ आणि सिल्व्हर परीक्षा दिल्या. लेक सहा वर्षांवरच्या मुलांसाठी असलेल्या यंग केनेल क्लबची सदस्य झाली. आणि मी बाईंच्या वहीचं रूपांतर एक्सेल शीटमध्ये करतोय : कुणाचं हृदय कधी तपासलं, स्कॅन काय, आजोबा कोण. शेवटी मला येणारं काम तेच!

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. कोविडच्या काळात पिल्लांना प्रचंड मागणी आली आणि फसवणारेही वाढले. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लूसीज लॉ लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालाकडून किंवा दुकानातून विकता येत नाही. ज्याने वाढवलं त्याच्याकडूनच घ्यायचं, नाहीतर रेस्क्यू संस्थेकडून. ही लूसी म्हणजे वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटलेली कॅव्हेलियरच. तेव्हा, एक : पिल्लू आईसोबत, तिच्या घरी जाऊन बघा. पार्किंगमध्ये "डिलिव्हरी" घेऊ नका. दोन : आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका आणि मायक्रोचिपची नोंद बघा. तीन : आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागा. "व्हेटने बघितलंय" याला तपासणी म्हणत नाहीत. चार : बारा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा पिल्लं घेणाऱ्याला कौन्सिलचं लायसन्स लागतं, तेही विचारा. विचारायला संकोच वाटला तर मला फोन करा, मी विचारतो.

जाता जाता दिवाळीचं. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, अगदी थोडीसुद्धा. म्हणजे बेसनाच्या लाडवावरचा तो एक बेदाणा आणि चिवड्यातले चार, दोन्ही वर्ज्य. चॉकलेट नको. कांदा-लसूण घातलेलं काही नको. फराळाचे डबे टेबलाच्या कडेला ठेवू नका आणि पाहुण्यांनाही बजावून ठेवा. फटाक्यांचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी असते, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत परवानगी आहे. शिवाय गाय फॉक्सची पाच नोव्हेंबरची रात्र जवळच. कुत्र्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणा, पडदे ओढा, टीव्ही किंवा नाट्यगीतं लावा आणि पलंगाखाली चादरींची गुहा करून द्या. तो तिथे लपला तर ओढून बाहेर काढू नका. आणि जवळ येऊन बसला तर खुशाल थोपटा. त्याने भीती वाढत नाही.

पुढच्या गुरुवारी आमचा रिंगक्राफ्टचा वर्ग आहे. कुत्रा नसला तरी या, बाई चहा चांगला करतात.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. दोन पायांवरच्यांना आणि चार पायांवरच्यांनाही.